शालू जाळण्याचे दिवस

माघ लागला की आमच्या बुऱ्हाणपुरात केस जळाल्यासारखा वास सुटतो. बाहेरगावचा पाहुणा घरी आलेला असेल तर तो आधी हळूच स्वतःची शेंडी चाचपतो आणि मग माझ्याकडे संशयाने पाहतो. मीही त्याला थोडा वेळ तसाच घाबरू देतो. फुकटची करमणूक कोण सोडील? मग सांगतो, की बाबा रे, कुणाची शेंडी जळत नाहीये. तारकशांच्या गल्लीत जुने शालू जळताहेत.

लग्नसराई तोंडावर आलेली असते. घरोघरच्या पेट्या उघडतात. जो शालू घडीवर तुटला असेल त्याचे काठ-पदर तारकशाकडे जातात. तो ते शेगडीत घालतो. रेशीम जळून जातं, चांदी उरते. ती चांदी वितळवून, तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवून, तिची केसासारखी तार ओढून पुन्हा नवी जर होते, आणि नव्या नवरीच्या पदरात जाऊन बसते. आमच्या गावात याचं कुणाला काही वाटत नाही. उलट पोरी आईला विचारतात, माझ्या शालूत कुणाकुणाची चांदी आहे गं? मावशीची, आत्याची, पणजीची अशी नावं ऐकून त्यांना बरं वाटतं.

मला मात्र तो वास आला की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. वळून पाहतो तर कुणी नसतं. फार तर फळा असतो.

मी इथल्या मिडल शाळेत मास्तर आहे. मुलांना पदार्थांचे बदल शिकवतो, आणि रविवारी, सणावारी, कुणाच्या ओट्यावर चार माणसं जमली की गोष्टी सांगतो. यातलं माझं खरं काम कोणतं याबद्दल गावात दोन मतं आहेत. माझी सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे ‘साहेबांची मिशी’. ती मी इतक्या वेळा सांगितली आहे की काही मंडळी हसायच्या जागा माझ्या आधीच पकडतात. मात्र ती संपत आली की आमच्या सौभाग्यवती उठतात. बांगड्यांचा आवाज होतो. “इथवरच ना?” असं म्हणतात आणि पानाचं तबक आणायला आत जातात. बाकीच्यांना वाटतं, मास्तरीणबाईंना गोष्ट पाठ झाली आहे. पाठ आहेच. पण त्या मंडळींत पुढचं तेवढं एकट्या तिलाच ठाऊक आहे.

आता माझ्या मिशीत पांढरं आलंय, तेव्हा एकदा पुढचंही सांगून टाकतो.

त्या वर्षी मी नवाकोरा मास्तर होतो. डोक्याला पगडी नवी, हातात खडू नवा, आणि अंगात नाटक जुनं. धडा होता बदलांचा. बदल दोन प्रकारचे. एक भौतिक, म्हणजे रूप पालटतं पण वस्तू तीच राहते. दुसरा रासायनिक, म्हणजे मूळ वस्तूच संपते आणि दुसरीच काहीतरी होते. पुस्तकात दोन्ही एकाच पानावर, शेजारीशेजारी दिलेले होते. पण मला घाई कुठे होती? मी पहिलाच प्रकार धरून बसलो, कारण त्यात जादू होती.

टेबलावर कापूर ठेवायचा. त्यावर पितळी वाटी पालथी घालायची आणि खालून मंद दिवा. कापूर दिसेनासा व्हायचा. मुलं माना उंच करायची. मी वाटी उचलायचो, उलटी करायचो, आणि वाटीच्या आतून पांढरा कापूर चमकायचा. मी हात पसरून ओरडायचो, “परत!”

मीठ पाण्यात विरघळवलं. ते पाणी परातीत घालून उन्हात ठेवलं. दुपारी परातीत मीठ. परत! मेणबत्ती वितळवून साच्यात ओतली. परत! सकाळच्या थंडीत थिजलेलं खोबरेल दुपारी पातळ झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थिजलं. परत! तिसऱ्या दिवसापासून मी ओरडायचं बंद केलं, कारण पन्नास पोरं माझ्या आधीच ओरडायला लागली. शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर दारात येऊन म्हणाले, “अहो, तुमचं काय ते परत येतं, पण माझं त्रैराशिक गेलं ते येत नाही!”

दुसरा प्रकार मी राखून ठेवला होता. माघात डिप्टी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला यायचे होते. त्यांच्यासमोर, एकदम, एकाच शेगडीत दोन्ही बदल दाखवायचे असा माझा बेत होता. आमच्या गावाला शोभेल असा प्रयोग: जर जाळायची. रेशीम गेलं, हा एक बदल. चांदी वितळून पुन्हा घट्ट झाली, हा दुसरा. नागपूरकडच्या साहेबाने असलं कुठे पाहिलं असणार?

मी वर्गात जाहीर केलं, “ज्याच्या घरी जुनी जर असेल त्यानं आणावी. ज्याची सर्वांत चांगली, तो साहेबांसमोर भाता चालवणार.”

मुलांनी काय काय आणलं! टोपीचा गोंडा, फाटलेला बटवा, कुण्या आजोबांच्या पगडीचा झिरझिरीत काठ. आणि सुकदेव झिपरू पाटील याने तपासणीच्याच दिवशी, सोमवारी सकाळी, धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

सुकदेव जवळच्या जसोंडी खेड्यातला. आमच्या गावात मामाकडे राहायचा आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की चालत घरी जायचा. बारा वर्षांचा, कानांत बाळ्या, बोलणं कमी. पण ‘परत’ म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आमच्या गावातल्या पोरांनी जर जळताना लहानपणापासून पाहिलेली. शेतकऱ्याच्या या मुलाने ती कधीच पाहिली नव्हती. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी त्याचा मास्तर होतो.

गाठोड्यात डाळिंबी रंगाचा शालू होता. पदर असा, की खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि छतावर ठिपके नाचले.

“घरून विचारून आणलास का रे?”

त्याने मान हलवली. हो की नाही ते मी नीट पाहिलं नाही.

“गुर्जी,” तो म्हणाला, “सगळं परत येते ना?”

मी पगडी काढून, कमरेत वाकून, दरबारी मुजरा केला. म्हणालो, “सुकदेवराव, या वर्गात गेलेली वस्तू परत आली नाही, असं आजवर झालंय का?”

पोरं खदाखदा हसली. तोही हसला. त्याचं ते हसणं मी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

शेगडी, भाता आणि चांदी वितळवायची मूस घेऊन हुसेनभाई तारकश आला होता. माझा जुना दोस्त. पान खाऊन तोंड लाल, बोटं तार ओढून ओढून चिरलेली. त्याने शालू हातात घेतला, घडी उलगडली, घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, ये तो पहनने का माल है. जलाने का नहीं.”

“अरे, घरातून आलाय. जुना आहे.”

“जुना है, पण घडी तुटी नहीं. देखो ना. कोण जळवतं असा?”

बाहेर टांगा थांबल्याचा आवाज आला. साहेब आले होते. मी म्हणालो, “हुसेनभाई, आता नको. कात्री दे.” पदर मी स्वतः कापला. हुसेनभाईने कात्री दिली ती मुठीकडून नाही, पात्याकडून पुढे केली. तारकश असं कधी करत नाही.

आता गाजलेला भाग. तो मी घाईत सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. साहेब जेवून आले होते. हेडमास्तरांच्या घरची बासुंदी त्यांच्या डोळ्यांवर आली होती. मिशी मात्र जागी, दोन्ही टोकांना मेण लावून वर वळवलेली. मी भौतिक म्हणालो तेव्हा त्यांची मान एकदा हलली. रासायनिक म्हणेपर्यंत हनुवटी छातीला टेकली. सुकदेव जीव तोडून भाता मारत होता. शेगडी फुलली. मी पदर मुशीत दाबला आणि भसकन जळक्या केसांचा वास सगळ्या वर्गात पसरला. साहेब खुर्चीतून ताडकन उठले आणि डोळे उघडायच्या आधी त्यांनी दोन्ही हातांनी मिशी पकडली! “विझवा! विझवा!” हेडमास्तर पाण्याचा तांब्या घेऊन धावले. साहेबांनी मिशी सोडली, मग एकेक टोक चाचपून पाहिलं, मग सावरून म्हणाले, “हं. पुढे चालू द्या.” मी वितळलेली चांदी पाण्यात ओतली, चर्रर्र आवाज झाला, आणि चिमट्यात सुपारीएवढा पांढरा गोळा धरून मी वर केला. पन्नास पोरं ओरडली, “परत!” साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

इथे ओट्यावरची मंडळी हसून हसून डोळे पुसतात. इथेच बांगड्या वाजतात.

साहेब गेले. मुलं गेली. हुसेनभाई शेगडीतले निखारे झाडत होता. मी खुशीत फळा पुसत होतो, आणि मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळलो. सुकदेव होता. हातात उरलेला शालू नीट घडी करून धरलेला, आणि तोंडावर काजळी.

“गुर्जी,” तो म्हणाला, “आता परत करा ना.”

मी चांदीचा गोळा त्याच्यासमोर धरला. “हा काय, केला की.”

त्याने गोळ्याकडे पाहिलं नाही. “हे नाही. पदर.”

हुसेनभाईचा हात थांबला.

“पुढच्या महिन्यात ताईचं लगीन आहे,” सुकदेव म्हणाला. त्याच्या आवाजात अजून काळजी नव्हती. मी थोडं लांबवतोय एवढंच त्याला वाटत होतं, कापराच्या वाटीच्या वेळी लांबवायचो तसं. “आईचा शालू आहे. ताई तोच नेसनार. मले शनिवारी घरी न्या लागते.”

त्याची आई दोन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत गेलेली. ते मला तेव्हा कळलं.

मी त्याला दुसरा धडा तिथेच शिकवला. राख बोटाने दाखवून शिकवला. त्याने सगळं ऐकून घेतलं. प्रश्न विचारला नाही. हुशार मुलगा; एकदा सांगितलं की त्याला कळायचं. राखेची चिमूट त्याने उचलली, हुंगली, आणि ती पुन्हा शेगडीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

माणूस भुताखेतांना भितो. मी तसल्या गोष्टीही रंगवून सांगतो. पण माझ्या मागे जे उभं राहतं ते मेलेलं नाही, त्याला उलटे पायही नाहीत. ते फक्त वाट बघत असतं. मी हात पसरून ओरडीन, याची.

रविवारी मी जसोंडीला गेलो. काखेत आमच्या घरातला शालू होता. मास्तरीणबाईंनी तो मी न मागता पेटीतून काढून दिला होता. खिशात चांदीचा गोळा. दोन्ही बाजूंनी वेचणी संपलेल्या कापसाची वाळकी पऱ्हाटी, वर कोवळं ऊन. वाटभर मी काय बोलायचं ते घोकत होतो.

झिपरू पाटील शेतात गेले होते. अंगणात सुकदेवची बहीण पापड लाटत बसली होती. तिचं नाव नदीचंच, तापी. सोळा-सतरा वर्षांची, पिठाच्या हातांनी कपाळावरचे केस सारणारी. मला पाहून ती उठली, घोंगडी टाकली, पाणी दिलं. सुकदेव कुठे दिसेना.

“कनगीमागं बसेल आहे,” ती म्हणाली. “काल आल्यापासून. जेवत नाही, बोलत नाही. काहून, गुर्जी? मारलं का तुमी?”

म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. शालू आणून, घडी घालून, पेटीत तळाशी ठेवून दिला होता, आणि धान्याच्या कणगीमागे जाऊन बसला होता.

मी सुरुवातीपासून सुरुवात केली. कसं सांगावं ते कळेना म्हणून धड्यापासून, कापरापासून सांगायला लागलो. आणि काय सांगू तुम्हाला, जीभ सवयीने चालते. साहेब आले, त्यांची बासुंदी आली, मान डुलली. माझे हात आपोआप मिशीकडे गेले. “विझवा! विझवा!” तापी हसायला लागली. लाटणं खाली ठेवून, पदर तोंडाला लावून हसली. मी पहिल्यांदाच ती गोष्ट सांगत होतो, आणि जिला सांगत होतो ती बरोबर त्या त्या जागी हसत होती. मला, हे लिहिताना लाज वाटते, मला मजा आली.

डोळे पुसत तिने विचारलं, “मंग? पदर कोनाचा व्हता?”

माझी नजर कणगीकडे गेली.

तिनेही तिकडे पाहिलं. मग उठली, हात धुतले, आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. खाटेवर वाळत घातलेले पापड वाऱ्याने हलत होते.

ती बाहेर आली तेव्हा शालू तिच्या हातांवर होता. रडत नव्हती.

“गुर्जी, तुमी गोष्ट लई चांगली सांगता,” ती म्हणाली.

मी आमचा शालू पुढे केला. तिने त्याला हात लावला नाही. “वहिनीचा वहिनीले द्या. मी आईचाच नेसन.”

मी खिशातून गोळा काढला. सांगितलं, की हुसेनभाई याची तार ओढून देईल, मजुरी नको म्हणालाय, नवा पदर होईल. तिने गोळा हातात घेतला, तोलला, आणि माझ्या हातात परत ठेवला.

“हे राहू द्या तुमच्यापाशी. तुमाले परत करता आलं ते एवढंच.” मग हळू आवाजात, कणगीमागे ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, “मले शालू नेसाले पाहिजे व्हता. त्याले तो वासाले पाहिजे व्हता. दर शनिवारी येऊन पेटी उघडे अन् पदरात तोंड खुपसून बसे. तुमच्यासाठी आनला त्यानं. एवढं कोनासाठी करत नाही तो.”

लग्नाला मी गेलो. मागे उभा राहिलो. तापी त्याच शालूत होती. कापलेली कड आत खोवून, वरून साधा पांढरा शेला घेतलेला. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. नवरी मान वर करून उभी होती. सुकदेव करवला होता, डोक्यावर टोपी, हातात नारळ. त्याने माझ्याकडे पाहून नमस्कार केला. त्यात राग असता तर मी तो घेऊन घरी आलो असतो.

वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला: दोन्ही प्रकारच्या बदलांची तीन तीन उदाहरणं लिहा. सुकदेवने रासायनिक बदलाखाली सात लिहिली. कागद जळणे, दुधाचे दही, लोखंडाचा गंज. अक्षर सुरेख. भौतिक बदलाखाली त्याने काही लिहिलं नाही. कापूर नाही, मीठ नाही. रेघ आखलेली आणि खाली कोरी जागा. मी ती वही आठ दिवस तपासायची राखून ठेवली. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. शेतीला हात हवा होता, असं मामा म्हणाला.

तेव्हापासून मी दुसरा धडा आधी शिकवतो. बशीत कागद जाळतो, राख दाखवतो, पुढे जातो. आरोळ्या नाहीत, मुजरे नाहीत. हुसेनभाई मागच्या वर्षी गेला. शेवटपर्यंत भेटला की पान पुढे करायचा, पण त्या शालूबद्दल एक अक्षर बोलला नाही. गोष्टी सांगायची माझी सगळी हौस शाळेबाहेर, ओट्यावर. तिथे मी साहेबांची मिशी सांगतो आणि टाळ्या पडल्या की थांबतो.

या माघातही वास सुटला. परवा, खिडकीतून तो येत असताना, मी वर्गात बशीत कागद जाळला. ज्योत गेली, काळा पापुद्रा वळून बसला, आणि मी तोंड उघडणार तोच तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज आला, “परत!”

सगळा वर्ग हसला. माझा हात बशीवरच राहिला. तेवीस वर्षांत त्या खोलीत तो शब्द कुणी ओरडलं नव्हतं. आणि मी, पिकलेल्या मिशीचा माणूस, त्या राखेकडे क्षणभर खरोखरच पाहत राहिलो.

“कोण रे तो?”

बारकंसं पोर उभं राहिलं. या वर्षीच जसोंडीहून आलेलं. हजेरीत आडनाव रोज वाचत होतो. पाटील गावोगाव असतात, म्हणून पुढचं वाचलं नव्हतं.

“बाबानं सांगितलं, गुर्जी. तुमच्या वर्गात असं वरडायचं असते म्हने.”

“बाबांचं नाव?”

“सुकदेव झिपरू पाटील.”

मी बशी खाली ठेवली. “आणखी काय सांगितलं बाबांनी?”

पोर खुललं. बाकातून बाहेर आलं. त्याने साहेबाची मान डुलवून दाखवली, दोन्ही हातांनी मिशी धरून उडी मारली, “विझवा! विझवा!” केलं, चर्रर्र आवाज काढला. वर्ग लोळायला आला. माझ्यापेक्षा चांगली सांगितली, खोटं कशाला बोलू.

“मग?” मी विचारलं.

“मंग साहेबानं टाळ्या वाजवल्या.”

“मग?”

“मंग काही नाही. आत्या आलेली असली म्हंजे ती इथंच उठून पानी आनाले जाते.” तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू थोडं कमी झालं. “पुढं आहे का काही, गुर्जी?”

टेबलाचा खण कुलूपबंद असतो. किल्ली माझ्या जानव्याला. सुपारीएवढा तो गोळा आता काळवंडलाय. चांदी हवेने काळी पडते, हाही एक बदलच, दुसऱ्या प्रकारचा. मी तो काढून पोराच्या हातात ठेवला. त्याने उलटासुलटा करून पाहिला, नखाने खरवडला, आत पांढरं चमकलं.

“हे काय आहे, गुर्जी?”

“तुझ्या आजीचा पदर,” मी म्हणालो.